शिमग्यात ब्रायर बघायचं असेल तर: गुशूच्या शेवटच्या ब्रायरची कोकणातून तयारी

यंदाचं, म्हणजे २०२६ चं ब्रायर २७ फेब्रुवारीला सुरू होतंय आणि ८ मार्चला फायनल, म्हणजे बरोब्बर आपल्या शिमग्यात. ब्रायर म्हणजे कॅनडाची पुरुषांची नॅशनल कर्लिंग चॅम्पियनशिप (कर्लिंग म्हणजे बर्फावरून दगड सरकवायचा खेळ), १९२७ पासून चालू आहे, महायुद्धात १९४३ ते ४५ तेवढी बंद होती. आणि यंदा ती चुकवून चालणार नाही कारण ब्रॅड गुशू या तिथल्या नावाजलेल्या कर्लरने सीझनच्या सुरुवातीलाच सांगून टाकलंय की हा आपला शेवटचा सीझन, आणि ब्रायर आहे कुठे तर सेंट जॉन्सला, न्यूफाउंडलंडमध्ये, त्याच्या स्वतःच्या गावात, ज्या स्टेडियममध्ये त्याने २०१७ ला पहिलं ब्रायर जिंकलं त्याच स्टेडियममध्ये. त्यानंतर २०१८, २०२०, २०२२, २०२३, २०२४. स्किप म्हणून, म्हणजे संघाचा कप्तान म्हणून, सहा ब्रायर, एवढी दुसऱ्या कुणाचीच नाहीत.

आता कोकणात बसून कर्लिंग कोण बघतं असं विचारणारे भेटतात, पण ऑलिंपिकच्या वेळी मोबाइलवर क्लिप बघून "हे काय आहे रे" म्हणणारेही आमच्या वाडीत बरेच निघाले, आणि चाकरमानी शिमग्याला आलेले असतात, रात्री सगळे जागेच असतात, तर जागरण करणारच आहात तर नीट करा. त्यासाठीच हे लिहितोय. नियम सगळे पाठ करायची गरज नाही, एकच गोष्ट पक्की धरून ठेवायची, ती खाली सविस्तर सांगतो.

आधी घड्याळ. न्यूफाउंडलंडचं घड्याळ उरलेल्या कॅनडापेक्षा वेगळं आहे, तेही आपल्यासारखं अर्ध्या तासाचं, म्हणून दोन अर्धे एकमेकांत जातात आणि फरक निघतो सरळ नऊ तासांचा. तिथले दुपारचे दोन म्हणजे आपले रात्रीचे अकरा, तिथले संध्याकाळचे सात म्हणजे आपले पहाटेचे चार. हे लक्षात ठेवायला सोपं आहे पण दोन ठिकाणी माणूस फसतो. एक म्हणजे कॅनडाच्या टीव्हीच्या वेळा बऱ्याचदा ईस्टर्न टाइममध्ये, म्हणजे टोरंटोच्या घड्याळाने दिलेल्या असतात, तिथे साडेदहा तास मिळवायचे, नऊ नाही. दुसरं म्हणजे ८ मार्चला, फायनलच्या दिवशीच, पहाटे दोन वाजता तिकडे घड्याळ एक तास पुढे करतात, त्यामुळे त्या दिवसापासून सेंट जॉन्स आणि आपल्यात आठच तासांचा फरक राहतो (टोरंटोचा साडेनऊ). आठवडाभर नऊ तासांची सवय लागते आणि फायनलला एक तास उशिरा उठून बसतो असं व्हायला नको, तर आत्ताच मोबाइलमध्ये वर्ल्ड क्लॉकला सेंट जॉन्स टाकून ठेवा, तो आपोआप बदलतो.

रात्री अकराच्या मॅच पालखीबरोबर जमतील की नाही ते तुमच्या गावच्या पालखीवर आहे. ज्यांच्या वाडीत पालखी पहाटेपर्यंत घरोघरी फिरते त्यांनी चारची मॅच धरावी, आणि बंदरावरची मंडळी तर तशीही त्या वेळेला उठलेलीच असतात.

कॅनडात ही स्पर्धा टीएसएन या स्पोर्ट्स चॅनेलवर दाखवतात, कर्लिंग कॅनडाची स्वतःची स्ट्रीमिंग सर्व्हिसही आहे. आपल्याकडे तुमच्या फोनवर काय उघडतं ते मॅचच्या आदल्या दोन दिवसांत बघून घ्या, ऐन वेळी ओटीपी आणि कार्ड यात दोन एंड (एंड म्हणजे मॅचमधला एक डाव) जातात. लाइव्ह स्कोरला डेटा फार लागत नाही, त्यामुळे माडांच्या खाली रेंज एकच दांडी असली तरी स्कोर मिळतो, आणि खरं सांगायचं तर एकदा खेळ समजला की नुसता स्कोरबोर्ड वाचूनही आत काय चाललंय ते कळतं. लाइटचा भरवसा नसेल तर फोन संध्याकाळीच फुल चार्ज, पॉवर बँक जवळ, एवढं पुरे.

आता खेळ.

बर्फाची पट्टी साधारण ४५ मीटर लांब, पाच मीटरच्या आत रुंद, आणि दोन्ही टोकांना गोल काढलेले, त्याला हाऊस म्हणतात, बाहेरचं वर्तुळ १२ फुटांचं. दगड ग्रॅनाइटचा, वजन २० किलोच्या आत, ग्रॅनाइट बहुतेक स्कॉटलंडच्या एल्सा क्रेग बेटाचा. एका संघात चार जण, लीड, सेकंड, थर्ड आणि स्किप, प्रत्येकाचे दोन दगड, दोन्ही संघ आलटून पालटून टाकतात, सोळा दगड संपले की एक एंड संपला. ब्रायरमध्ये दहा एंड. हाऊसमध्ये ज्याचा दगड बटणाच्या, म्हणजे अगदी मधल्या छोट्या गोलाच्या, सगळ्यात जवळ त्यालाच त्या एंडचे पॉइंट, दुसऱ्याला शून्य, आणि समोरच्याच्या सगळ्यात जवळच्या दगडापेक्षा आत जेवढे दगड असतील तेवढे पॉइंट.

ज्यांनी कॅरम खेळलाय, आणि कोकणात पावसाळ्यात कोण खेळत नाही, त्यांना अर्धा खेळ आधीच येतो: कुठल्या अँगलने मारला तर आपला स्ट्रायकर कुठे थांबेल, आपली सोंगटी आडोशाला कशी ठेवायची, समोरच्याची वाट कशी अडवायची. फरक एवढाच की इथे दगड हातातून सुटल्यावरही काम संपत नाही. बर्फावर आधी पाण्याचे बारीक थेंब शिंपडून गोठवलेले असतात, दगड त्या दाण्यांवरून जातो, सोडताना हँडलला हलकासा पीळ दिलेला असतो त्यामुळे तो शेवटी शेवटी वळतो, आणि पुढे दोघं जण ब्रशने घासतात तेव्हा घर्षण कमी होऊन तो जास्त लांब जातो आणि कमी वळतो. म्हणजे दगड हळू सुटला तर घासून पोचवता येतो, पण जोरात सुटलेला मागे ओढता येत नाही. आणि घासणारे काही डोळे मिटून घासत नाहीत, दगडाचा वेग ओळखून ओरडून स्किपला सांगत असतात की हा कुठवर जाईल.

म्हणून नवीन माणसाने पहिली सवय ही लावायची की सगळा वेळ दगडाकडे बघायचं नाही. दगड सुटायच्या आधी समोरच्या टोकाला स्किपने ब्रश कुठे धरलाय ते बघा, तो निशाणा. तो ब्रश जिथे आहे तिथे दगड जाणार नाहीये, तिथे धरून सोडला की वळून भलतीकडे जाणार आहे, आणि ते भलतीकडे म्हणजे नेमकं कुठे हे आपल्या मनात आधी ठरवायचं, मग बघायचं. पाच-सहा दगड असं केलं की अंदाज बरोबर यायला लागतो आणि तिथून पुढे खेळ सोडवत नाही. कॅनडाच्या प्रक्षेपणात खेळाडूंना माइक लावलेले असतात, त्यांची चर्चा आपल्याला ऐकू येते, कॉमेंट्रीपेक्षा तीच ऐका. "हर्री", "हार्ड" म्हणजे जीव खाऊन घासा, "व्होआ" म्हणजे थांबा, "अप" म्हणजे ब्रश उचला.

आता ती एक गोष्ट. हॅमर. एंडमधला शेवटचा दगड ज्या संघाचा त्याच्याकडे हॅमर. ज्याने पॉइंट केले त्याच्याकडून पुढच्या एंडला हॅमर जातो, समोरच्याला मिळतो. आणि कोणालाच पॉइंट नाही झाला, एंड कोरा गेला, तर हॅमर आहे तिथेच राहतो. एवढाच नियम, पण सगळं कर्लिंग यातून निघतं. हॅमर असताना एकच पॉइंट घेणं म्हणजे जवळजवळ तोटा, कारण हॅमर गेला, म्हणून चांगले संघ एकच मिळणार असं दिसलं तर शेवटचा दगड मुद्दाम हाऊसच्या पार घालवून एंड कोरा सोडतात आणि हॅमर ठेवतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की अरे, हातातला पॉइंट सोडला. सोडलेला नाही, पुढच्या एंडला दोन घेण्यासाठी राखलाय. उलट ज्याच्याकडे हॅमर नाही त्याचं काम समोरच्याला एकावर अडकवणं, आणि जमलं तर हॅमर नसताना पॉइंट करणं, ज्याला स्टील म्हणतात. स्कोरबोर्डवर स्टील दिसला की समजायचं त्या एंडमध्ये कोणाचा तरी मोठा शॉट चुकला किंवा कोणी तरी फार भारी खेळला, तेवढा एंड नंतर शोधून बघा.

त्यामुळे मॅच लावल्यावर पहिला प्रश्न स्कोर किती हा नाही, हॅमर कोणाकडे हा. दुसरा प्रश्न कितवा एंड. दहाव्या एंडला स्कोर बरोबरीत आणि हॅमर आपल्याकडे, ही सगळ्यात हवीहवीशी जागा, आणि सातव्या-आठव्या एंडपासून दोन्ही स्किप मागून हिशोब करत खेळतात की दहाव्याला हॅमर कोणाकडे येईल. एक पॉइंटने पुढे पण हॅमर नाही, की एक पॉइंटने मागे पण हॅमर आहे, यातलं काय बरं यावर घरात वाद घाला, मजा येते आणि खेळ पटकन समजतो.

गार्डचं पण थोडक्यात सांगतो. हाऊसच्या पुढे आडोसा म्हणून ठेवलेला दगड म्हणजे गार्ड. एंडचे पहिले पाच दगड पडेपर्यंत समोरच्याचा गार्ड उडवून बाहेर काढता येत नाही. हा नियम पूर्वी नव्हता आणि तेव्हा एकदा पुढे गेलेला संघ आलेला प्रत्येक दगड उडवत बसायचा. १९८९ ची ब्रायर फायनल ३-२ अशी संपली, लोक कंटाळले, आणि असल्या खेळाला वैतागूनच पुढे गार्डला संरक्षण देणारे नियम आले, आधी कमी दगडांचे, आता पाच दगडांचा. आज मागे पडलेला संघ परत येऊ शकतो तो यामुळे, म्हणून चार पॉइंटचा फरक दिसला की झोपायला जाऊ नका.

स्पर्धा सुरू व्हायच्या आधी दोन जुन्या फायनल बघून ठेवाच. यूट्यूबवर शोधा. पूर्ण मॅच अडीच-तीन तासांची असते, तेवढा वेळ नसेल तर शेवटचे तीन एंड.

पहिली २०१७ ची, न्यूफाउंडलंड विरुद्ध टीम कॅनडा, म्हणजे गुशू विरुद्ध केविन को (आदल्या वर्षीचा विजेता टीम कॅनडा नावाने खेळतो). ही का बघायची ते समजायला थोडं मागचं माहीत पाहिजे. न्यूफाउंडलंडने त्याआधी ब्रायर जिंकलं होतं ते १९७६ ला, जॅक मॅकडफच्या संघाने, त्यानंतर ४१ वर्षं काही नाही. गुशू स्वतः २००६ ला टोरिनोत ऑलिंपिक गोल्ड जिंकून आलेला, त्या फायनलच्या दिवशी तर अख्ख्या प्रांतातल्या शाळा लवकर सोडल्या होत्या, पण ब्रायर काही हाताला लागेना, २००३ पासून येतोय आणि रिकामा जातोय. हा प्रांत मासेमारीवर जगणारा, १९९२ ला सरकारने कॉड मासा पकडायला बंदी घातली, हजारो लोकांचं काम एका दिवसात गेलं आणि कित्येक घरांतली माणसं पोटासाठी अल्बर्टा प्रांताकडे गेली. गावातला पोरगा गावात राहून मोठा होतो याची किंमत अशा ठिकाणी काय असते ते आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

तर दहावा एंड, स्कोर बरोबरीत, हॅमर गुशूकडे, शेवटचा दगड, साधा ड्रॉ, म्हणजे काही उडवायचं नाही, फक्त हाऊसमध्ये नेऊन थांबवायचा. आणि दगड हातातून हळू सुटला. इथे दगडाकडे बघू नका, ब्रेट गॅलंट आणि जेफ वॉकरकडे बघा, हे दोघं अक्षरशः अंगाचं सगळं वजन ब्रशवर टाकून पट्टीभर घासत जातात, स्टेडियम उभं राहिलेलं, गुशू मागून सरकत येतोय आणि आता त्याच्या हातात काहीही उरलेलं नाही. दगड पोचतो. ७-६. कर्लिंग चार जणांचा खेळ का आहे हे मला कुठल्याही समजावण्यापेक्षा त्या पंचवीसेक सेकंदांत जास्त कळलं, आणि कोणालाही कर्लिंग दाखवायचं तर मी तेवढाच तुकडा दाखवतो.

दुसरी २०२२ ची, लेथब्रिजची. समोर परत को, पण गुशूचा थर्ड मार्क निकल्स कोविडमुळे बाहेर, आणि हे तिघांत फायनल खेळले. तिघं असले की पहिले दोघं तीन-तीन दगड टाकतात आणि स्किप दोन, म्हणजे दगड आठच पण घासायला एक माणूस कमी. वर सांगितलं तसं घासण्यावर एवढं अवलंबून असताना एक ब्रश कमी म्हणजे दगड सोडतानाच वेग जवळजवळ अचूक लागतो, चुकला तर सावरायला कोणी नाही. ती मॅच ११व्या, म्हणजे जादा एंडला गेली आणि गुशू ९-८ ने जिंकला. माझ्या मते त्याच्या सहा विजेतेपदांत सगळ्यात अवघड हेच.

आणि यावरूनच यंदा गुशूमध्ये काय बघायचं ते सांगतो. त्याचा ड्रॉ बघा. जोरात मारून दगड उडवणारे कॅनडात खूप आहेत, पण वेगाचा एवढा बारीक अंदाज असलेले फार थोडे. पायाने ढकलून सरकत येतो तेव्हा त्याचं शरीर किती स्थिर असतं, हात किती हलका सुटतो, ते स्लो मोशनमध्ये बघण्यासारखं आहे. यंदा त्याच्याबरोबर निकल्स आहे, जो २००६ च्या गोल्डपासूनचा सोबती, लीडला वॉकर, आणि ब्रेंडन बॉचर, जो स्वतः २०२१ ला अल्बर्टाकडून ब्रायर जिंकलेला स्किप आहे.

कुठल्या मॅच धरायच्या? संघ १८, नऊ-नऊचे दोन गट, प्रत्येकाच्या आठ मॅच, गटातले पहिले तीन पुढे. एका वेळी चार पट्ट्यांवर चार मॅच चालू असतात, त्यामुळे कॅमेरा उड्या मारतो, गोंधळू नका, एकच पट्टी धरा. सुरुवातीचे दिवस तुम्ही खेळ शिकण्यासाठी वापरा, तिथे मोठे संघ छोट्या प्रांतांशी खेळतात, कधी कधी नुनावटसारख्या विरळ वस्तीच्या भागातून आलेले संघही दिसतात आणि मला तेही तेवढ्याच मनापासून बघावेसे वाटतात, कारण ब्रायरला कॅनडाच्या कानाकोपऱ्यातला माणूस येतो हीच त्याची खरी ओळख. खेळलेल्या प्रत्येकाला जांभळ्या हृदयाचा एक बिल्ला मिळतो, परपल हार्ट, जिंको न जिंको, तो जर्सीवर शिवून घेतात आणि आयुष्यभर जपतात. ते हृदय मॅकडोनल्ड टोबॅको या जुन्या स्पॉन्सरच्या काळापासूनचं, कंपनी १९७९ नंतर गेली, पुढे स्पॉन्सर बदलत राहिले, हृदय मात्र राहिलं.

गट संपले की पेज प्लेऑफ. आयपीएल बघणाऱ्यांना हे नवीन नाही, वरच्या दोघांत हरणाऱ्याला सेमीफायनलमधून आणखी एक संधी मिळते. जागरण मोजकंच जमणार असेल तर शुक्रवार-शनिवारसाठी राखा.

आणखी दोन छोट्या गोष्टी. एक, मॅच दहा एंडच्या आधीच संपली आणि सगळे हात मिळवताना दिसले तर स्ट्रीम बिघडलेलं नाही, हरणाऱ्याने मान्य करून खेळ थांबवलाय, कर्लिंगमध्ये हे चांगलं वागणं समजतात. दोन, स्क्रीनवर प्रत्येक संघापुढे उलटं चालणारं घड्याळ दिसेल, विचार करायला अख्ख्या मॅचमध्ये प्रत्येकी ३८ मिनिटं असतात, शेवटच्या दोन एंडला कोणाकडे किती उरलीत ते बघत जा, वेळ कमी असला की स्किप घाईत सोपा शॉट निवडतो.

ज्यांना दहा दिवसांत एकच रात्र देता येणार आहे त्यांनी फायनलची वाट बघू नये, गुशू तिथवर पोचेलच असं कोणी सांगू शकत नाही, अठरा संघांत सहा-सात तरी जिंकायच्या तयारीने आलेले असतात. त्यांनी गटातली त्याची एखादी रात्री अकराची मॅच धरावी, घरचं स्टेडियम तेव्हाही भरलेलं असणार, आणि पहिल्या दगडाआधी एवढंच बघून घ्यावं की हॅमर कोणाकडे आहे. ज्यांना जमेल त्यांनी ८ मार्चला रविवारी दुपारी झोप काढावी, कारण फायनल तिथे रविवारी संध्याकाळनंतर असते, म्हणजे आपल्याकडे सोमवारची पहाट, आणि त्या दिवशी मिळवायचे ते आठ तास, नऊ नाहीत.